नळदुर्गच्या अंधारात अलकनंदा

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की तासाभरात नळदुर्ग येते. गाव धाराशिव जिल्ह्यातले. तिथून कोसभरावर आमच्या मामांचे शेत. २०२५ च्या डिसेंबरात, मार्गशीर्ष अमावास्येला, मी तिकडे गेलो तो किल्ल्यासाठी नव्हे, अंधारासाठी. पुण्याच्या राष्ट्रीय खगोल-भौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी एक दूरची सर्पिल दीर्घिका शोधून तिचे नाव अलकनंदा ठेवल्याची बातमी नुकतीच आली होती. मामांनी ती कुणाकडून तरी वाचून घेतली आणि मला फोनवरून फर्मान सोडले, “मास्तर, ती नदीच्या नावाची मला दाखवायची.” काचबिंदूने मामांची दृष्टी गेली त्याला आता चार वर्षे झाली.

किल्ला मात्र टाळवेना. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीला बांध घातला आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी कोसळते आणि आत माणूस कोरडा! इकडे हे काम चालू असेल त्याच सुमारास, १६१२ मध्ये, जर्मनीत सायमन मारियसने देवयानी दीर्घिकेकडे दुर्बीण लावली होती. त्याला ती शिंगाच्या पातळ पत्र्याआडून दिसणाऱ्या मेणबत्तीसारखी वाटली. दीर्घिका म्हणजे संस्कृतात लांबट तळे. पाण्यासाठी आभाळाकडे पाहणाऱ्या आमच्या मुलखाला हा शब्द फार आवडावा!

साडेसातला मामांची बाज अंगणात टाकली. देवयानी जवळजवळ माथ्यावर होती. डोळे अंधाराला सरावल्यावर पुसट डागासारखी दिसली. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. म्हणजे शेजारीणच. अलकनंदा दक्षिणेला. नैऋत्येकडे एकटाच चमकणारा मीनास्य तारा धरायचा आणि हात लांब करून त्याच्या डावीकडे, किंचित वर, एक वीत मोजायची. तिथे शिल्पकार नावाचा तारकासमूह आहे. आभाळाचा इतका रिकामा कोपरा शोधून सापडायचा नाही.

“माझ्या डोळ्यांचं सोड,” मामा म्हणाले, “तुला तरी दिसती का?”

“नाही, मामा.”

“मग हाय कशावरनं?”

एम.ए.च्या तोंडी परीक्षेतही मी इतका गडबडलो नव्हतो. अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने तो कोपरा २१ वेगवेगळ्या गाळण्यांतून टिपला. वाटेत ‘आबेल २७४४’ हा दीर्घिकांचा प्रचंड समूह आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश वाकतो आणि भिंगातून पाहावे तशी अलकनंदा दुप्पट उजळ होते. एवढे करून दिसले काय? मध्ये फुगीर गाभा आणि त्यातून निघालेले दोन सुबक, सारखे फाटे. रुंदी सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे, ताऱ्यांचे वस्तुमान १० अब्ज सूर्यांएवढे. आणि वर्षाला सुमारे ६३ सूर्य घडतील इतक्या वेगाने तेथे नवे तारे जन्मत होते. नवल त्या आकड्यांचे नाही, वयाचे आहे. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे. हे चित्र ते अवघे दीड अब्ज वर्षांचे असतानाचे. त्या काळच्या दीर्घिका वेड्यावाकड्या, गोळामोळा असणार, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. अशी घडी बसायला अब्जावधी वर्षे लागतात म्हणे. आणि इथे रांगत्या वयाचे पोर रांगोळी काढून बसलेले!

नावही छान सुचले. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. हिमालयातल्या मंदाकिनीची बहीण ती अलकनंदा.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हा उजेड निघाला तवा आपली बोरी व्हती का?”

“पृथ्वीच नव्हती, मामा. सूर्यही नव्हता. प्रकाशाला इथवर यायला १२ अब्ज वर्षे लागली.”

“मग आता ती हाय का न्हाई?”

“आज निघालेला उजेड पोचेपर्यंत ते कुणालाच सांगता यायचे नाही.”

“बरं,” मामा म्हणाले. तरुणपणी रात्री पाणी धरायला जाताना तिकांडे पाहून वेळ ओळखणारा माणूस. त्यांनी न चुकता पूर्वेला हात केला. तिकांडे वर आलेच होते. “आता ते मला पाठ हाय. पर ही नवी. गोठ्यावरचा बल्ब आधी मालव.”

“मामा, तुम्हाला बल्बचा काय त्रास?”

“तुला तर हाय ना? आन् माझं तोंड नीट तिकडंच हाय का बघ.”

बल्ब मालवून आलो. तोंड थोडे पश्चिमेला वळले होते. मी बाजेचे पायथे उचलून जरा डावीकडे सरकवले.