भूल आणि घसा

ऑपरेशन ठरलं की घरात खर्चाची चर्चा होते, रक्ताची होते, टाक्यांची होते. घशाचं कुणी बोलत नाही. पण संपूर्ण भूल दिलेल्या अनेक पेशंटांचा घसा शुद्धीवर आल्यावर दुखतो. पोटाचं ऑपरेशन आणि घसा का दुखावा, असा प्रश्न पडतो.

आमच्या मामूंनी तो आधीच विचारला. मामू तीस वर्षं मोहल्ल्याच्या मशिदीत अजान देतात. पित्ताशयात खडे निघाले, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. त्यांना पोटापेक्षा आवाजाची काळजी. भूलतज्ज्ञ मॅडम तपासायला आल्या तेव्हा म्हणाले, "बेटी, आवाज राहील ना?"

मॅडमनी हसण्यावारी नेलं नाही. "चाचा, आधी सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाल्या आणि समजावलं. भूल दिल्यावर श्वासासाठी तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतात. ती दोन स्वरतंतूंच्या मधून जाते. टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की हवा बाजूने निसटत नाही. मात्र जास्त फुगला तर श्वासनलिकेचं अस्तर दाबलं जातं, तिथला रक्तपुरवठा घटतो, सूज येते. म्हणून दाब मोजून 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका ठेवायचा आणि नळी गरजेपेक्षा जाड घ्यायची नाही. काही ऑपरेशनांत स्वरतंतूंच्या वरच बसणारा मास्क चालतो, त्याने घसा कमी दुखतो. पण मामूंच्या पोटात गॅस भरायचा होता, म्हणून मॅडमनी नळीच पसंत केली.

मग गोष्ट मुलेठीवर आली, म्हणजे आपलं ज्येष्ठमध. भूल देण्याच्या थोडं आधी त्याच्या पाण्याने गुळण्या केल्या तर घसा कमी दुखतो, असं चाचण्यांत दिसलं आहे. पण पोट रिकामं असायला हवं, म्हणून गुळण्या डॉक्टरांना विचारूनच करायच्या आणि पाणी थुंकायचं. डेक्सामेथासोनच्या इंजेक्शनचाही उपयोग होतो. त्याने साखर वाढू शकते, म्हणून मधुमेह असेल तर तो लपवू नये.

मामूंचा घसा दोन दिवस खवखवला. तेवढे दिवस अजान दुसऱ्याने दिली. मामू कोमट पाण्याचे घोट घेत खिडकीतून ऐकत होते आणि त्याच्या चुका काढत होते! बहुतेकांचा घसा असाच दोन-तीन दिवसांत बरा होतो. आवाज आठवड्याहून जास्त बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जायलाच हवं.

आपल्याकडे "अल्लाह मालिक" म्हणून गप्प बसायची सवय आहे. पण आधी उंट बांध, मग तवक्कुल कर, ही शिकवणही आपलीच. शिक्षिका असो, कीर्तनकार असो की हातगाडीवर ओरडून भाजी विकणारा, ज्याचं पोट आवाजावर आहे त्याने भूलतज्ज्ञांना ते आधी सांगावं. त्याला पैसे लागत नाहीत.