हिऱ्याचे पाणी

२०२४ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या मुलाचा विवाह ठरला. मुलगी शेजारच्याच धर्मग्रामातली, मुंबईतील एका रुग्णालयात परिचारिका. दोन्ही घरची माणसे एकमेकांना ओळखणारी, त्यामुळे बोलणी सुरळीत पार पडली. साखरपुड्याचा दिवस ठरला, फादरांना कळवून झाले, आणि मग एके रात्री जेवणे आटोपल्यावर चिरंजीवांनी विषय काढला. "आई, अंगठी हिऱ्याची घ्यायची आहे. मोठा हिरा. दोन कॅरेटच्या खाली नको."

मी नकळत माझ्या बोटाकडे पाहिले. १९८५ साली ह्यांनी घातलेली अंगठी तिथे होती. पातळ सोन्याचे वळे आणि मधोमध एक पांढरा खडा. मुलाच्या दृष्टीने तो हिरा होता. लहानपणापासून त्याने तेच ऐकले होते, आणि ते त्याला सांगणारी मीच होते. त्या खड्याविषयी आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. पण ती पंधरा वर्षे मी कोणाला सांगितली नव्हती.

मुलाने अभ्यास बाकी जोरात केला होता. कॅरेट म्हणजे आकार नव्हे, वजन. एक कॅरेट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग, आणि एका कॅरेटचे शंभर सेंट. रंगाची प्रतवारी डी या अक्षरापासून झेडपर्यंत. डी म्हणजे अगदी वर्णहीन, आणि पुढे पुढे पिवळसर छटा वाढत जाते. मग निर्मळता. हिऱ्याच्या पोटात सूक्ष्म ठिपके, रेषा, ढगासारखे डाग असतात. ते दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली किती दिसतात, त्यावरून दर्जा ठरतो. आणि चौथे पैलूकाम. ही चार अंगे मोजण्याची आजची रीत अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने विसाव्या शतकाच्या मध्याला बसवून दिली. त्याआधी प्रत्येक झवेरी आपापल्या शब्दांत हिऱ्याची वाखाणणी करी. आपल्याकडे त्या सगळ्याला मिळून एकच सुंदर शब्द होता, 'पाणी'.

"डी नाहीतर ई रंग, आणि निर्मळता व्हीव्हीएस," मुलगा म्हणाला. "तिच्या घरच्यांनी बोट धरून पाहिले पाहिजे."

शेवटचे वाक्य मला खटकले; पण मी गप्प राहिले. खरे सांगायचे तर मलाही ते थोडेसे हवे होते. मुलीकडची माणसे आमच्याहून सुस्थितीतली. आमच्या घरात ह्यांच्या पश्चात दिवस काढले होते ते शिक्षिकेच्या निवृत्तिवेतनावर आणि वाडीतल्या केळींवर. एकदा तरी आपण कोणापुढे कमी पडू नये, असे कोणत्या आईला वाटत नाही?

तसे पाहिले तर साखरपुड्याला हिरा हवाच, ही समजूत फार जुनी नाही. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला १४७७ साली हिऱ्याची अंगठी दिली, ती राजघराण्यातली गोष्ट. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवीत होता तो मुख्यतः आपला देश, गोवळकोंड्याच्या मुलखातून. परंतु ते हिरे राजेरजवाड्यांच्या शिरपेचात जात, परिचारिकेच्या बोटात नव्हे. दक्षिण आफ्रिकेत खाणी लागल्या, हिरे मुबलक झाले आणि ते खपविण्याची गरज निर्माण झाली. १९४७ साली एका अमेरिकन जाहिरातसंस्थेत काम करणाऱ्या फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने डी बीअर्स कंपनीसाठी हिऱ्याचे नाते चिरंतनाशी जोडणारे एक छोटेसे वाक्य लिहिले, आणि हिरा म्हणजे अक्षय प्रेम हे समीकरण घरोघर पोहोचले. वास्तविक हिरा अक्षय नाही. तो जळतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हॉझिए याने अठराव्या शतकातच दाखवून दिले होते. कठीण असला तरी नेमक्या ठिकाणी ठोका बसला तर त्याचा टवका उडतो. पण जाहिरातीपुढे शास्त्र कोण ऐकतो?

एका शनिवारी आम्ही दोघे विरार लोकलने निघालो. मरीन लाइन्सला उतरून काळबादेवीच्या गर्दीतून झवेरी बाजारात गेलो. दुकान ओळखीतून मिळालेले. झवेरी वृद्ध, मितभाषी गृहस्थ. त्यांनी कागदाच्या घडी घातलेल्या पुड्या उघडून चिमट्याने एकेक नग पांढऱ्या कागदावर ठेवला. मुलाने छताकडे पाहून म्हटले, "काय लखलखतात!" झवेरी हसले. म्हणाले, "या दिव्यांखाली काचही लखलखते. जरा खिडकीपाशी या."

खिडकीतल्या मळभी उजेडात खरा फरक दिसला. त्यांनी हिरे पालथे घालून रंग दाखविला. डी आणि जी यांत भेद आहे हे शेजारी शेजारी ठेवल्यावर जेमतेम कळत होते. कोंदणात बसविल्यावर, तेही पिवळ्या सोन्यात, तो कोणाला कळला असता? निर्मळतेचेही तसेच. व्हीएस दर्जाच्या हिऱ्यातला डाग भिंगातूनही मला शोधावा लागला. मग त्यांनी दोन नग पुढे ठेवले. एक वजनाने जड, पण मला लहान वाटला. दुसरा हलका, पण मोठा आणि जिवंत.

"पहिल्याचे वजन पोटात गेले आहे," ते म्हणाले. "खोल घडविला की वजन राहते, किंमत वाढते, पण उजेड खालून निसटून जातो. दुसऱ्याने वजन गमावले आहे, म्हणून तो उजेड परत देतो."

त्यांनी आणखी एक हिशेब सांगितला. चांगल्या घडणीचा एक कॅरेटचा गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर रुंद असतो. दोन कॅरेटचा आठाच्या थोडा वर. म्हणजे वजन दुप्पट झाले तरी डोळ्यांना दिसणारी रुंदी पाव हिश्शानेच वाढते. किंमत मात्र दुपटीवर थांबत नाही. मोठे खडे दुर्मीळ, म्हणून दर कॅरेटमागचा भावच चढतो. पूर्ण एक कॅरेटऐवजी नव्वद सेंटचा नग घेतला तर डोळ्यांना फरक कळत नाही, खिशाला कळतो.

दोन कॅरेटच्या हिऱ्याची किंमत ऐकून मुलाचा चेहरा उतरला. तेव्हा झवेऱ्यांनी दुसरी पेटी उघडली. "हे प्रयोगशाळेतले. सुरतेत होतात."

हिऱ्याची एक पातळ चकती बंद भट्टीत ठेवायची, कार्बनयुक्त वायू सोडायचा. काही आठवड्यांत थरावर थर चढून हिरा वाढतो. दुसऱ्या पद्धतीत प्रचंड दाब आणि उष्णता वापरतात; तो प्रयोग अमेरिकेत १९५४ साली यशस्वी झाला. धरणीच्या पोटात दीडशे-दोनशे किलोमीटर खोल, कोट्यवधी वर्षांपूर्वी जे घडले तेच इथे महिन्याभरात. हा नकली खडा नव्हे. तोच कार्बन, तीच रचना, तोच कठीणपणा. दुकानातले साधे तपासणीयंत्रही दोहोंत भेद करू शकत नाही. त्यासाठी खास उपकरणे लागतात. कडेवर सूक्ष्म अक्षरे कोरलेली असतात आणि सोबतच्या प्रमाणपत्रावर स्पष्ट उल्लेख असतो. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक, आणि पुढे विकायला गेल्यास हाती फारसे काही येत नाही, हेही त्या गृहस्थांनी न विचारता सांगितले.

दोन कॅरेट, ई रंग, व्हीव्हीएस. चिमट्यात तो नग थरथरत होता आणि मुलाचे डोळेही. तो माझ्या कानाशी आला. "आई, हाच घेऊ. प्रमाणपत्र घरी ठेवू. त्यांना काय कळणार?"

आणि वाचकहो, मी मान हलवली. होकाराची मान. हे लिहिताना मला संकोच वाटतो. पण ते घडले आहे. झवेऱ्यांना दोन दिवसांत कळवतो असे सांगून आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. बोरिवली सुटल्यावर गर्दी ओसरली. मुलगा खुशीत होता. "शुभवर्तमानातल्या त्या व्यापाऱ्याने मोत्यासाठी सगळे विकले," तो थट्टेने म्हणाला, "मला तर सगळे विकावेही लागले नाही." मी हसले नाही. भाईंदरच्या खाडीवर गाडी आली तशी मी बोटातली अंगठी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

२००९ साली ह्यांच्या दुखण्याला पैसे कमी पडू लागले. एके दुपारी कोणाला न सांगता मी ही अंगठी मोडायला नेली. सराफाने भिंग लावले, यंत्राची सुई खड्यावर टेकवली, आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाला, "बाई, सोन्याचे पैसे देतो. हा अमेरिकन डायमंड आहे." पैलूंच्या धारा बोथट झाल्या होत्या, खरा हिरा असता तर चोवीस वर्षांत तशा झाल्या नसत्या, हे त्याने मला दाखविले. मी अंगठी परत घेतली, दुसऱ्या दिवशी हातातल्या पाटल्या मोडल्या आणि घरी काही बोलले नाही.

"मग तू बाबांना विचारले नाहीस?" मुलाने विचारले.

नाही. आजारी माणसाला काय विचारायचे, असे आधी वाटले. मग वेळच उरला नाही. २०१० च्या उपवासकाळात ते गेले. आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्यापाशी राहिला आहे. त्यांना ठाऊक होते का? ऐपत नव्हती म्हणून त्यांनी जाणून-बुजून तो खडा घेतला आणि सांगायला लाजले? की कष्टाचे पैसे मोजून आणताना तेच फसले होते, आणि बायकोच्या बोटात हिरा आहे या समाधानात गेले? पहिले खरे असेल तर मी त्यांना क्षमा केव्हाच केली आहे. तसे त्यांना एकदा सांगायचे होते. दुसरे खरे असेल तर त्यांच्यावर मी मनात जो संशय घेतला, त्याची क्षमा मला मागायची होती. दोन्ही राहून गेले. आमच्या संसारात उणे काही नव्हते. पण प्रार्थनेला हात जोडले की तो खडा आजही माझ्याकडे पाहतो.

"खडा साधा होता याचे मला कधी दुःख झाले नाही," मी मुलाला म्हटले. "दुःख आहे ते न बोललेल्याचे. तू पाहिलास तो हिरा खोटा नाही. पण प्रमाणपत्र कपाटात लपवलेस, तर त्याच्याबरोबर आणखी काहीतरी कपाटात जाईल. आणि आज दुकानात मी मान हलवली, ती चुकले."

तो बराच वेळ बोलला नाही. वसईला उतरताना त्याने अंगठी माझ्या बोटात परत घातली. थोडी घट्ट झाली आहे ती.

दुसऱ्या दिवशी, रविवारच्या मिस्सानंतर, त्याने मुलीला सगळे सांगितले. किंमत, प्रयोगशाळा, लपविण्याचा बेतसुद्धा. मला वाटले होते ती हसून सोडून देईल. तसे झाले नाही. ती दोन दिवस बोलली नाही. "हिऱ्याचे काही नाही," तिने नंतर माझ्याजवळ येऊन सांगितले. "माझ्या घरच्यांना आपण दाखवायचे आहे, असे ह्याला का वाटले, ते मला कळत नव्हते." मी तिला माझ्या अंगठीची गोष्ट सांगितली. माझ्या हयातीत ती ऐकणारी ती दुसरी.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघे झवेरी बाजारात गेलो. तिने पहिला प्रश्न विचारला तो आम्हा दोघांना सुचलाच नव्हता. उंच कोंदणात बसविलेल्या खड्याने रुग्णालयात हातमोजे फाटतात. वॉर्डात तर खड्याची अंगठी घालताच येत नाही. मग दोन कॅरेटचा हिरा आठवड्यातले सहा दिवस कपाटातच राहणार की नाही? तिने प्रयोगशाळेतलाच, नव्वद सेंटचा नग निवडला. रंग जी, निर्मळता व्हीएस, आणि पैलूकाम मात्र उत्तमातले उत्तम. तिथे तिने तडजोड केली नाही. कोंदण सपाट, खड्याला चहूबाजूंनी सोन्याची कड. प्रमाणपत्र तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवले आणि त्याच संध्याकाळी आपल्या आईवडिलांपुढे उघडले. त्यांना ते आवडले की नाही, मला ठाऊक नाही. तिच्या वडिलांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "सांगितलेत, बरे केलेत."

साखरपुड्याच्या दिवशी फादरांनी दोन्ही अंगठ्यांवर आशीर्वाद मागितला. मंडपात पावसाने थोडी उसंत दिली होती. मुलीने हात पुढे केला तेव्हा दारातून आलेला उजेड त्या खड्याने घेतला आणि परत दिला. मागच्या रांगेतल्या कोणी बाईने शेजारणीला विचारलेले मी ऐकले, "खरा असेल का गं?"

मी मागे वळले नाही. बोटातल्या अंगठीवरून अंगठा फिरवला आणि फादरांच्या प्रार्थनेला आमेन म्हटले.