वरचं बिऱ्हाड

धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत दोन बिऱ्हाडं असायची. खाली माणसं, वर उद. दिवसा तो तुळयांच्या सांदीत नाहीतर चिंचेच्या ढोलीत गुडूप; खालचे निजले की याचा दिवस उजाडायचा. माळवदावर धप्पकन काही उतरलं आणि पोरं दचकली, की म्हातारी कूसही न बदलता म्हणायची, "वरी उद हाय. निजा गप."

पुस्तकात त्याला उदमांजर म्हणतात, पण तो मांजराच्या नव्हे, जवादीच्या कुळातला. काळपट राखी अंग, जवळजवळ अंगाएवढी शेपूट, तोंडावर मुखवटा चढवल्यासारखा काळा रंग. अमेरिकेतल्या मराठी घरांचे कचऱ्याचे डबे उलथणारा रॅकून साधारण असाच दिसतो. दोघांचं नातं काही नाही; माणसाच्या झोपेवर संसार करायचा, एवढाच धंदा सारखा.

बदनामी मात्र याच्या वाट्याला फार. पुरलेलं मढं उकरतो म्हणे! मला ते कधी पटलं नाही. त्याचा जीव अडकलेला असतो बोरं, जांभळं, उंबरं आणि शिंदीच्या फळांत. शिंदीला लावलेल्या मडक्यातला रसही सोडत नाही. कोंबडी नेली की शिव्या खातो, त्या रास्तच. पण सोयाबीनच्या पोत्यांमागून येणारे उंदीर तो खातो, त्याचा हिशेब कोण ठेवतो? कठड्यावर, दगडावर, ठरल्या उघड्या जागी तो विष्ठा टाकतो. तीत बिया अख्ख्या असतात, रुजायला तयार.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात लोहारा-उमरगा भागात दगडमातीच्या भिंती आणि माळवदांची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर माळवदाखाली निजायचा धीर कित्येकांना झाला नाही. पत्रे आले, स्लॅब आले. माणसांना घरं मिळाली. वरच्या बिऱ्हाडाची दखल कुठल्या यादीत असणार? त्यानं आपली सोय आपणच पाहिली. पडका वाडा, गोठ्याचं आढं, पत्र्याखालची फट. पत्र्यावर पावलं जास्त वाजतात, म्हणून तक्रारीही वाढल्या.

1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. मारणं, पकडणं गुन्हा. शिवाय एकाला हुसकावलं तरी रिकाम्या सांदीत दुसरा येतोच. कोंबड्या रात्री जाळीत कोंडाव्यात. फट बुजवायची तर आत पिल्लं नाहीत ना ते पाहून, तो रात्री बाहेर पडल्यावर बुजवावी. पत्र्यावर आलेल्या फांद्याही छाटाव्यात, असं जाणकार सांगतात. आमच्या पत्र्यावर जांभळीची फांदी आली आहे. ती छाटायचा विषय दर उन्हाळ्यात निघतो, आणि जांभळं पिकेपर्यंत पुढे ढकलला जातो.