ज्येष्ठांच्या पावलांनी ठरवावे मुक्कामाचे गाव

तीन पिढ्यांच्या सहलीचा विषय घरात निघाला, की नकाशा बहुधा तरुणांच्या हाती जातो. कुणाला बर्फ पाहायचा असतो, कुणाला जंगल. नातवंडांना पोहण्याचा तलाव हवा असतो. घरातील आजी मात्र म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी." हे वाक्य शब्दशः घेण्याची घाई करू नये. त्यामागे अनिच्छा क्वचितच असते. बहुधा धास्ती असते. वाटेत शौचालय मिळेल का, पायऱ्या किती असतील, माझ्यामुळे सर्वांचा खोळंबा तर होणार नाही? या प्रश्नांची उत्तरे जिथे सहज मिळतात, तेच कुटुंबाच्या मोठ्या सहलीचे योग्य ठिकाण होय.

गाव निवडताना पहिला विचार उंचीचा करावा. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. लेह आणि केदारनाथ ही दोन्ही ठिकाणे साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहेत. हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तेथील तिकिटे काढू नयेत. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर आहे. तेथे प्रश्न हवेच्या विरळपणाचा नसून घाटातील वळणांचा आणि हिवाळ्यातील पहाटेच्या गारठ्याचा असतो.

दुसरा विचार शेवटच्या टप्प्याचा. माथेरानची शांतता मोहक खरी. पण खासगी मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. पुढील दोन-अडीच किलोमीटर अंतर कसे कापायचे, हे गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीसाठी आधीच ठरवावे लागते. देवस्थानांचेही तसेच. कोल्हापूरची अंबाबाई शहराच्या वस्तीत आहे, जेजुरीच्या खंडोबाला गड चढावा लागतो, तर तुळजापूरला पायऱ्या उतराव्या लागतात आणि परतताना त्याच चढाव्याही लागतात. गणपतीपुळ्याला टेकडीलाच प्रदक्षिणा घालतात. ते अंतर साधारण एक किलोमीटर भरते. दर्शन सर्वांनी घ्यावे, प्रदक्षिणा ज्याला झेपेल त्याने घालावी.

या कसोट्यांवर उतरणारे एक गाव म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरकडे पाहा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जांभ्या दगडाचा डोंगर आणि मधल्या सपाट पट्टीत नारळी-पोफळीच्या वाड्यांतून लांबवर पसरलेली वस्ती, अशी या गावाची रचना आहे. किनारा पाच-सहा किलोमीटर लांब असून त्याच्या कडेने सुरूची झाडे आहेत. मुलांनी वाळूत खेळावे आणि आजोबांनी सुरूच्या सावलीत खुर्ची टाकून त्यांच्याकडे पाहावे, हे येथे सहज साधते. कुणी कुणासाठी थांबलेले नसते आणि तरीही सर्वजण एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असतात. किनारा पश्चिमेकडे असल्याने सूर्यास्तासाठी कोणताही 'पॉइंट' चढावा लागत नाही. वाळूत पाय रुततो, म्हणून काठी घेणाऱ्यांनी ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून आणि कुणाच्या तरी सोबतीने चालावे.

गावाच्या मध्यवस्तीत व्याडेश्वराचे मंदिर आहे. अनेक कोकणस्थ घराण्यांचे हे कुलदैवत. येथे एक वेगळीच गोष्ट घडताना दिसते. ज्या आजोबांना आपण 'सांभाळून नेतो', तेच येथे पुढे होतात. कुळाचार काय, पूर्वी येताना कोणती खाडी होडीने ओलांडावी लागे, कोणाच्या वाडीत मुक्काम असे, हे सांगणारे तेच असतात. नातवंडांना वाटाड्या मिळतो आणि आजोबांना आपले स्थान. आपले कुलदैवत येथे नसेल, तर आजीचे माहेर, आजोबांच्या पहिल्या नोकरीचे गाव, त्यांच्या शाळेचे गाव असा शोध घ्यावा. ज्येष्ठ व्यक्ती जिथे आपल्याला काही दाखवू शकेल, असे एक तरी ठिकाण सहलीत असावे.

जेवणाचीही येथे फारशी चिंता नाही. मऊ भात आणि कुळथाचे पिठले घरगुती खाणावळीत आधी सांगितल्यास मिळू शकते. कवळी वापरणाऱ्यांना ते सोयीचे पडते. शहाळे मात्र सर्वांनाच चालत नाही. मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियम कमी घेण्यास सांगितले असेल, तर डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यातील दमट उष्म्यात ज्येष्ठांना थकवा लवकर येतो.

आता प्रवासाविषयी. गुहागरसाठी जवळचे मोठे रेल्वे स्थानक चिपळूण; तेथून गाव साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. रेल्वेत ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, परंतु एका तिकिटावर एक किंवा दोनच पात्र प्रवासी असतील तरच तो लागू होतो. म्हणून दहा जणांचे तिकीट एकत्र न काढता आजी-आजोबांचे वेगळे काढावे. अनेक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, लघवीला जावे लागू नये म्हणून प्रवासात पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग उद्भवू शकतो. मोटारीने जाताना दर दोन तासांनी थांबण्याचे ठरवून तसे त्यांना आधीच सांगितले, तर हा उपास टळतो. थांबल्यावर थोडे चालल्याने पायांतील रक्ताभिसरणही सुधारते. इन्सुलिन उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये आणि थेट बर्फाला लावूनही ठेवू नये.

मुक्कामाची जागा ठरवताना फोनवर तीनच प्रश्न विचारावेत: तळमजल्यावर खोली आहे का, कमोड आहे का, रात्री वाहन मिळेल का? जवळचे रुग्णालय कोठे आहे, हेही विचारून लिहून ठेवावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला नवी जागा संध्याकाळनंतर अधिक गोंधळात टाकते. तिची नेहमीची चादर बरोबर घ्यावी, रात्री मंद दिवा ठेवावा आणि रोज मुक्काम बदलणे टाळावे. एकाच गावी चार रात्री राहणे हे चार गावे पाहण्यापेक्षा हिताचे.

अखेरीस, शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचा विचार. घरी जी सून किंवा मुलगी औषधे, पथ्य आणि आंघोळ सांभाळते, तिने सहलीतही तेच करायचे असेल, तर तिच्यासाठी केवळ स्वयंपाकघर बदलते. दुपारची औषधे एका मुलाकडे, संध्याकाळचे फिरणे नातवाकडे अशी वाटणी निघण्यापूर्वीच कागदावर करावी.

पुढच्या वेळी आजी "मी घरीच बरी" म्हणाली, तर तिच्याशेजारी बसून एवढेच विचारा, "आजी, तुला कोणते गाव पुन्हा पाहायचे आहे?" उत्तर यायला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ द्या.