तीन खाड्या, तेवीस गाड्या

पनवेलहून रत्नागिरीला महामार्गाने निघालं तर एका दिवसात पोहोचता येतं, रस्त्याचं वर्षानुवर्षं चाललेलं काम जमेस धरूनही. आम्ही तीन दिवस घेतले. माणगावपर्यंत महामार्ग, तिथून मोर्ब्याच्या बाजूने म्हसळा, बागमांडला आणि मग किनारा धरून वेसवी, केळशी, हर्णे, दाभोळ, गुहागर, जयगड असं खाली उतरत गेलो. या वाटेवर तीन मोठ्या खाड्या आडव्या येतात. पहिली सावित्रीची, दुसरी वाशिष्ठीची, तिसरी शास्त्रीची. तिन्ही ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते, आणि बोट येईपर्यंत माणसाला थांबावं लागतं. आम्हाला हे थांबणंच हवं होतं. ज्या कामासाठी निघालो होतो ते चालत्या गाडीवरून होणारं नव्हतं.

यंदाच्या जानेवारीतली ही गोष्ट. २३ गाड्या, ३१ माणसं. सहा-सात बुलेट सोडल्या तर बाकी साध्या स्प्लेंडर, युनिकॉर्न आणि दोन स्कूटर. स्कूटर चालवणाऱ्या आमच्यातल्या दोघी जणी. एक पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिला सगळे आपा म्हणतात. दुसरी शाळेत शिकवते. मागून एक छोटी गाडी. तिच्यात बर्फाची पेटी, सुया, नळ्या आणि पत्रकांचे गठ्ठे. प्रत्येकाच्या पाठीवर एकच शब्द लिहिलेला होता, थॅलेसेमिया. तो वाचताना वाटेत लोकांची जीभ अडखळायची. म्हसळ्याला एका पोराने तो ‘थाळी सेमिया’ असा वाचला आणि शेवया कुठे मिळणार म्हणून विचारलं. त्या पोरापासूनच आमची पहिली सभा सुरू झाली.

या शब्दात समुद्र आहे. ग्रीक भाषेत ‘थॅलासा’ म्हणजे समुद्र. भूमध्य समुद्राच्या काठच्या घराण्यांतल्या मुलांमध्ये डॉक्टरांनी हा आजार प्रथम ओळखला, म्हणून हे नाव पडलं. पुढे कळलं की तो त्या काठापुरता नाही. इराण, अरबस्तान, पाकिस्तान, आपला देश, पार थायलंडपर्यंत त्याचा पट्टा आहे. भारतात साधारण ३ ते ४ टक्के लोक थॅलेसेमिया मायनर आहेत असं मानलं जातं. हिंदू, मुसलमान, सिंधी, पंजाबी, कच्छी, कोणी त्यातून सुटलेलं नाही; काही समाजांत प्रमाण जास्त, काहींत कमी.

मायनर माणूस आजारी नसतो. तो शेती करतो, बोटीवर जातो, नव्वद वर्षं जगतो. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन बनवणाऱ्या दोन जनुकांपैकी एक सदोष असतं, एवढंच. रक्त थोडं कमी दिसतं म्हणून डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात, गोळ्या संपतात आणि हिमोग्लोबिन आहे तिथेच राहतं. अडचण येते ती दोन मायनर माणसांचा निकाह झाला की. मग प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता असते की बाळ थॅलेसेमिया मेजर जन्मेल. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली. तसं नाही. दरवेळी फासा नव्याने पडतो.

मेजर बाळ जन्मतः चांगलं दिसतं. सहा महिने, वर्ष जातं आणि मग ते फिकं पडायला लागतं. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला बाहेरचं रक्त द्यावं लागतं, आयुष्यभर. प्रत्येक पिशवीबरोबर साधारण २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय आपल्या शरीरात नाही, ते हृदयात आणि यकृतात साठत जातं, आणि ते काढायला रोजची औषधं लागतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा इलाज आहे, पण त्याला जुळणारा दाता लागतो, बहुधा सख्खा भाऊ किंवा बहीण, आणि खर्च लाखांत जातो.

मोटारसायकलवरून आजाराची जाणीव करून देत फिरणं ही आमची कल्पना नव्हे. २०१२ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मार्क हव्वा यांनी सूट-बूट घालून जुन्या घाटणीच्या मोटारसायकली चालवायचा एक दिवस सुरू केला. आज तो जगभरच्या शहरांत साजरा होतो, आपल्याकडे मुंबई-पुण्यातही, आणि त्यातून पुरुषांच्या प्रोस्टेट कर्करोगासाठी आणि मानसिक आरोग्यासाठी पैसा उभा राहतो. आमच्याकडे सूट नव्हते. कोकणातल्या जानेवारीच्या उन्हात ते अंगावर टिकलेही नसते. पण त्या लोकांना एक गोष्ट बरोबर कळली आहे. पत्रक वाटणाऱ्याला माणूस टाळून पुढे जातो. वीस-पंचवीस गाड्या रांगेत उभ्या दिसल्या की तो स्वतःहून जवळ येतो.

हर्ण्याच्या बंदरावर मात्र एका म्हाताऱ्याने आम्हाला अडवलं. मासळीचा लिलाव चालू होता. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग, बैलगाड्यांतून येणाऱ्या टोपल्या, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. म्हाताऱ्याने पाठीवरचा शब्द वाचला, अर्थ विचारला, नीट ऐकून घेतला आणि म्हणाला, “एवढं पेट्रोल जाळलंत, त्याचे पैसे त्या पोरांनाच दिले असते तर?”

प्रश्न खरा होता. आमच्यातल्या एकाने सांगितलं की पेट्रोल ज्याचं त्याने भरलंय, देणगीतला एक रुपयाही गाडीत गेलेला नाही, देणगी सगळी तपासण्यांना आणि औषधांना. म्हाताऱ्याने मान हलवली, पण त्याचं समाधान झालं असं दिसलं नाही. झालं नाही ते बरंच, असं आम्हाला नंतर वाटलं. अशा फेऱ्यांत मजा असते, ती लपवण्यात अर्थ नाही. केळशी सोडून आंजर्ल्याकडे येताना एका वळणावर समुद्र एकदम उघडा होतो, दोन्ही बाजूंना आंब्याचा मोहर घमघमत असतो, आणि पुढच्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं तर कोणी तक्रार करत नाही. मजा घेऊन झाल्यावर काम किती झालं, हे म्हाताऱ्याच्या हिशेबानेच मोजलं पाहिजे.

काम सर्वांत जास्त झालं ते पहिल्या रात्री केळशीला. छत्रपती शिवाजी महाराज ज्यांना मानत, त्या याकूब बाबांचा दर्गा याच गावात आहे. इशाची नमाज झाल्यावर पंचवीस-तीस पुरुष बसले, बायका शेजारच्या घराच्या ओटीवर. आमच्या डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला. आपा म्हणाली, पहिली पायरी साधी आहे. कुठल्याही लॅबमध्ये सीबीसी करा. त्यात एमसीव्ही नावाचा आकडा असतो, रक्तपेशीचा आकार. तो फार कमी आला तर पुढची एचबीए-टू तपासणी करायची. तो आकडा ३.५ टक्क्यांच्या वर गेला की माणूस बहुधा मायनर.

एक चाचा उठून उभे राहिले. “म्हणजे चुलत-मामे भावंडांत निकाह करू नका, असं सांगायला आलात का? आमचे सगळे नातेसंबंध असेच आहेत. शरीयतने मना केलेलं नाही.”

जमाव गप्प झाला. डॉक्टर म्हणाले, “मना आम्हीही करत नाही, चाचा. एकाच आजोबांची नातवंडं असली तर दोघांकडे तेच जनुक आलेलं असण्याची शक्यता वाढते, म्हणून आधी बघून घ्या. परक्या घरात केलं तरी बघा. सौदीत २००४ पासून निकाहाआधी ही तपासणी सक्तीची आहे. इराणने १९९७ मध्येच केली आणि त्यानंतर तिथे अशी मुलं जन्मण्याचं प्रमाण खूप खाली आलं.”

तरी चाचांचा चेहरा सैल झाला नाही. मग मागून एक जण बोलला. कुवेतहून सुट्टीवर आलेला, तिशीतला. “चाचा, व्हिसाच्या मेडिकलला आपण बाही वर करून रांगेत उभे राहतो. छातीचा एक्स-रे देतो, रक्त देतो, लघवी देतो. तिथे कोणी विचारत नाही की हे का म्हणून. दोन वर्षांच्या नोकरीसाठी चालतं, मग निकाहासाठी का नाही?”

यावर बायकांच्या बाजूने हसू ऐकू आलं, आणि हशा पिकला की अर्धं काम होतं. त्या रात्री किती जणांनी रक्त दिलं आणि त्यातून काय निघालं, ते आम्ही इथे लिहिणार नाही. छोट्या गावात नुसत्या आकड्यावरूनही माणूस ओळखला जातो. रिपोर्ट ज्याचा त्याला बंद पाकिटात पोहोचले.

बदनामीची भीती हाच या वाटेवरचा सर्वांत कठीण घाट होता. पहिल्याच दिवशी सावित्री ओलांडून वेसवीला उतरलो, तेव्हा कोकम सरबताच्या टपरीजवळ एका गृहस्थाने आम्हाला बाजूला घेतलं. मुलीचा निकाह दोन महिन्यांवर आलेला, मुलगा मामेभाऊ. लहानपणापासून मुलीचं रक्त कमी, लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू. “तपासायला हरकत नाही,” ते म्हणाले, “पण नाव लिहू नका. मायनर शब्द एकदा चिकटला की धाकटीलाही कोणी विचारणार नाही.” आपा त्यांना म्हणाली, “मामू, एकटी मायनर असून काही बिघडत नाही. मुलगा मायनर नसेल तर बेलाशक निकाह करा. म्हणून दोघांचं बघा, एकटीचं नको.” त्यांनी पत्रक चारदा दुमडून पाकिटात ठेवलं. नमुना दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दाभोळला दुपारची नमाज शाही मशिदीत पढलो. धक्क्यापासून जवळच, विजापूरच्या धाटणीची, मोठ्या घुमटाची ही दगडी मशीद. तिला अंडा मशीद म्हणतात, माँसाहेबांची मशीदही म्हणतात. हजला निघालेली विजापूरची शाहजादी इथे अडकून पडली, पुढचा प्रवास होईना, तेव्हा बरोबर आणलेला खजिना तिने या मशिदीवर खर्च केला, अशी कहाणी सांगतात. एके काळी या बंदरातून हजची गलबतं सुटत. आता धोपाव्याची फेरीबोट सुटते.

त्याच बोटीवर ती माउली भेटली. सात वर्षांचा मुलगा बरोबर, हाताला पट्टी, नुकतंच रक्त घेऊन शहरातून परतत होते. दर तीन आठवड्यांनी पहाटेची एसटी, दिवसभर पलंग, संध्याकाळची बोट. मुलगा आमच्या बुलेटवर बसून हॉर्न वाजवत होता. आमच्यातल्या कोणीतरी सहज म्हटलं, “आम्ही दुआ करू, बहेन.” ती म्हणाली, “दुआ सगळेच करतात, भाऊ. तारीख कोणी देत नाही.”

मग तिने उलगडून सांगितलं. सरकारी रक्तकेंद्रातून या मुलांना रक्त मोफत मिळतं, पण मोफत मिळायला आधी ते असावं लागतं. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद. रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यातले दाते रोज्याने असतात. त्या आठवड्यांत ती फोन करत सुटते. दर तीन आठवड्यांनी एक धरली तरी वर्षाला सतरा पिशव्या. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर लागतं, बाईला १२०. म्हणजे एका मुलाला निदान पाच पक्के दाते हवेत, आजारी पडणारे आणि गावाला जाणारे धरून दहा. बोट पलीकडे लागेपर्यंत आमच्यातल्या ११ जणांनी तिच्या वहीत नाव आणि पुढे महिना लिहिला. रमजानच्या रकान्यात तिघांनी लिहिलं, “इफ्तारनंतर”. त्या तीन दिवसांतलं आमच्या मते सर्वांत कामाचं असं हे पान. पत्रकांच्या गठ्ठ्यापेक्षा तर नक्कीच.

तिला एक गोष्ट माहीत नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, त्यामुळे मुलाला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. तेही आपाने वहीत लिहून दिलं. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दहाव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होते, हेही दोघी बाजूला जाऊन बोलल्या. त्यापुढचा निर्णय घरच्यांशी, डॉक्टरांशी आणि दीनाच्या जाणकारांशी बोलून घ्यायचा. त्यात आम्ही पडलो नाही.

तिसरा दिवस वेगात गेला. गुहागरात सांदण आणि बांगड्याचं सालन खाऊन निघालो, हेदवीवरून तवसाळ, बोटीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. आरे-वारेच्या उतारावर उन्हं कलली होती. रत्नागिरीत शिरलो तेव्हा थिबा राजाच्या वाड्यावर शेवटचा उजेड होता. सगळ्यांच्या पाठी आखडलेल्या, एका स्प्लेंडरची साखळी घसरलेली, पाठीवरचा शब्द धुळीने अर्धा पुसलेला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आपाला वेसवीच्या मामूंचा फोन आला. मुलगी मायनर निघाली आहे. मुलाच्या अम्मीला सांगायला त्यांना पंधरा दिवस लागले. ऐकून बाई म्हणाल्या, “मग आमच्याचंही बघू, लाजायचं काय त्यात?” शनिवारी मुलाचा नमुना गेला आहे.