तुटणारी पिनच हवी

तासगाव, शनिवार

चि. समीर यास मामाचे अनेक आशीर्वाद.

ताईने एसटीने पाठवलेली पिशवी मिळाली. पिनांचे तुकडे, यंत्राबरोबर आलेला एक कोरा बोल्ट आणि तुझी चिठ्ठी, सगळं नीट पोचलं. तू लिहितोस की ट्रॅक्टरच्या ऑगरने खड्डे मारताना शिअर पिना फार तुटतात, गिऱ्हाईक बांधावर खोळंबून राहतं, तेव्हा १०.९ चे हाय टेन्साइल बोल्ट डबाभर पाठवून द्या. ते बोल्ट मी पाठवणार नाही. का नाही, आणि त्याऐवजी काय करायचं, ते लिहितो. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं म्हणून पत्र.

आधी तुकड्यांचं बोलू. टेबलावर मांडून भिंगातून पाहिले. एका पिनेचं तुटलेलं तोंड सपाट आहे, चकचकीत आहे आणि सगळा धातू एकाच दिशेला पुसल्यासारखा ओढला गेला आहे. ही पिन एका झटक्यात कातरली गेली. ऑगरखाली धोंडा आला, ऑगर थांबला, पिनेने आपलं काम केलं. दुसरी पिन निराळी आहे. ती मधोमध वाकली आहे, आणि तोंडाचा जवळजवळ निम्मा भाग तांबूस, गंजलेला आहे, उरलेला ताजा. म्हणजे तडा आधीच पडला होता, खड्ड्यामागून खड्डा करताना तो आत सरकत गेला आणि शेवटी कुठल्याशा साध्या खड्ड्याला ती गेली. हे दगडाचं काम नाही, भोक ढिलं झाल्याचं आहे. तू दोन्ही पिना एकाच खात्यात टाकतोस. एकीला काहीच औषध नको, दुसरीला औषध हवं ते भोकाला.

आता मजबूत बोल्टाचं. पिन किती ताकदीची घ्यायची हे जमीन ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवत नाही आणि पिना विकणारा दुकानदारही ठरवत नाही. पिनेच्या मागे जे उभं आहे, तुझ्या गिअर बॉक्सचा क्राउन-पिनियन, ट्रॅक्टरचा जोर यंत्राला पोचवणाऱ्या पीटीओ शाफ्टचे क्रॉस आणि ट्रॅक्टरच्या पोटातले गिअर, ते ठरवतं. तू पाठवलेल्या कोऱ्या बोल्टाच्या डोक्यावर ४.६ असा उठावाचा आकडा आहे. बनवणाऱ्याने हा बोल्ट घातला तो पैसे वाचवायला नव्हे.

त्या आकड्याचा हिशेब एकदा समजून घे, म्हणजे पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही. पहिला आकडा शंभराने गुणायचा: ४.६ चा बोल्ट ताणून तोडायला दर चौरस मिलिमीटरला ४०० न्यूटन लागतात, ८.८ चा तोडायला ८००, १०.९ चा तोडायला १०००. आडवा कातरायला साधारण त्याच्या साठ टक्के पुरतात. तुझी पिन ८ मि.मी.ची, म्हणजे तिचा छेद ५० चौरस मि.मी. आणि ती शाफ्टच्या आरपार जाते, म्हणून तिला दोन ठिकाणी कातरावं लागतं. तुझ्या गिअर बॉक्सचा आत येणारा शाफ्ट ३५ मि.मी.चा आहे. या सगळ्याचा गुणाकार केला की ४.६ ची पिन सुमारे ४२० न्यूटन-मीटरला तुटते, ८.८ ची ८४० ला आणि तू मागतोस ती १०.९ ची १०५० ला.

तुझा ट्रॅक्टर ३५ हॉर्सपॉवरचा. पीटीओपर्यंत त्यातले तीसेक पोचतात असं धर. ५४० फेऱ्यांवर त्याचा पीळ होतो ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास. म्हणजे इंजिन सरळ चालीने जो काही जोर देतं तो सगळा ही साधी पिन पेलते. ती तुटते ती फक्त झटक्याला, जेव्हा फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर एकदम अंगावर येतो तेव्हा. मग दुप्पट-अडीचपट ताकदीची पिन घालून मिळणार काय? खड्डा एका फेरीनेही लवकर होणार नाही. फक्त तो झटका पिनेऐवजी गिअरच्या दातांवर जाईल. क्राउन-पिनियनचा जोड मिळवायला किती दिवस जातात आणि किती पैसे पडतात हे तुला माहीत आहे. पिन चहाच्या पैशात येते.

आणि जागेचंही लक्षात ठेव. तुझ्या यंत्रात पिन गिअर बॉक्सच्या आधी, पीटीओ शाफ्टच्या योकमध्ये आहे. काही यंत्रांत ती खाली, ऑगर जोडतात तिथे असते. गिअर बॉक्समध्ये फेऱ्या तिसऱ्या हिश्श्यावर येतात आणि पीळ तिप्पट होतो, म्हणून तिथली पिन जाड असते. शेजाऱ्याच्या यंत्राला १२ मि.मी.ची पिन आहे म्हणून आपलं भोक वाढवून घ्यावं असं मनात आलं असेल तर काढून टाक.

दुकानातून घेताना काय बघायचं? अडीच सुती बोल्ट ८ मि.मी.च्या भोकात जवळजवळ बसतो, तो चालेल. पण जिथे १० मि.मी.चं भोक असेल तिथे तीन सुती घालू नको. त्यात अर्धा मि.मी. खेळ राहतो आणि तो अर्धा मि.मी. प्रत्येक फेरीला पिनेवर हातोडा मारतो. डोक्यावर आकडाच नसलेला बोल्ट बहुधा माइल्ड स्टीलचा असतो, पण मला तो आवडत नाही. आज एका कारखान्याचा मिळतो, उद्या दुसऱ्याचा, आणि तुटण्याची ताकद दोघांची सारखी नसते. ४.६ लिहिलेलाच माग. वर्षाला पुरतील एवढे एकदम घे.

आट्यांचं तर फार लोक बघतच नाहीत. आट्यांच्या खाचेत ८ मि.मी.च्या बोल्टाचा छेद ५० वरून ३३ चौरस मि.मी.वर येतो. योक आणि शाफ्टच्या सांध्यावर, जिथे कातर बसते तिथे, आटे आले की पिनेची एक तृतीयांश ताकद तिथेच गेली. तुझ्या तुकड्यांत वाकलेली जी पिन आहे तिच्या तोंडाला आटे दिसतात. कुणीतरी तुला फुल थ्रेड बोल्ट दिले आहेत. हाफ थ्रेड घे, आणि बिनआट्याचा भाग दोन्ही सांधे ओलांडून जाईल एवढ्या लांबीचा घे. तुझ्या निम्म्या पिना एवढ्याने वाचतील असं मला वाटतं.

सळईचा तुकडा घालून वेळ भागवतात तेही नको. बांधकामाची फे ५०० ची सळई ४.६ पेक्षा बरीच मजबूत असते, वर तिच्या अंगावरच्या कंगोऱ्यांमुळे ती भोकात नीट बसत नाही. तुटक्या ड्रिलचा दांडा तर त्याहून वाईट.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बोल्ट लांब घेऊन नटाच्या पुढे बोटभर शेपूट सोडू नको. ते शेपूट मिनिटाला ५४० वेळा फिरतं. खांद्यावरचा टॉवेल, पायजम्याचा पाय, बाईच्या साडीचा पदर, काहीही त्याला पुरतं, आणि एकदा गुंतलं की माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. नायलॉक नट वापर, नटाबाहेर दोन-तीन आटे राहतील एवढाच बोल्ट ठेव, आणि शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून ठेवलं असशील तर आज परत चढव. दुसरं असं की पिन तुटली की ऑगर थांबतो, पण शाफ्ट फिरतच असतो. लोक थांबलेला ऑगर बघतात आणि वाकून जवळ जातात. तू आधी पीटीओ सोडव, इंजिन बंद कर, किल्ली खिशात टाक, शाफ्ट थांबलेला डोळ्यांनी बघ, मग खाली उतर. तुझ्या पोरांनाही हीच सवय लाव. आणि मुरमात ऑगर शिरत नाही म्हणून बूमवर माणूस बसवतात ते तुझ्या यंत्रावर कधीही होता कामा नये. ऑगर पेच घेत जमिनीत शिरून अडकला, तर इंजिन बंद करून पाईप पान्याने हाताने उलटा फिरवायचा आणि मग हायड्रोलिकने सावकाश उचलायचा.

नवी पिन घालायच्या आधी मधला तुकडा पंचाने ठोकून काढ आणि योक शाफ्टवर हाताने मोकळा फिरतो का बघ. हे फार कमी जण बघतात. पावसाळाभर यंत्र उघड्यावर राहिलं की योक आणि शाफ्ट गंजून एकमेकांना धरतात. मग पिन तुटली तरी जोर पुढे जातच राहतो आणि पिन असून नसल्यासारखी. हंगामाला एकदा योक काढ, पॉलिश पेपर मार, ग्रीस लाव.

पिना तुटायचं प्रमाण कमी करायची जागा ट्रॅक्टरच्या सीटवर आहे. क्लच एकदम सोडू नको. ऑगर जमिनीला टेकवून पीटीओ जोडू नको. वर उचलून, कमी थ्रॉटलवर जोड, मग टेकव. मुरमात वेग निम्मा ठेवलास तर फिरणाऱ्या वजनात साठलेला जोर चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणजे धोंडा लागला तरी झटका तेवढा हलका. वीतभर खोल गेलं की उचल, माती झटक, पुन्हा घाल. ऑगरचे दात बोथट झाले असतील तर पात्यांना माती कापायची राहत नाही, नुसती रेटायची राहते. ते आधी बदल.

डाळिंबाला दोन फुटी खड्डे मागतात म्हणून तू २४ इंची ऑगर लावतोस, पण व्यास दुप्पट झाला की लागणारा पीळ हिशेबाने चौपटीकडे जातो. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून तुमच्याकडे जी माळरानं फुटायला लागली आहेत त्यांच्या मुरमाला ३५ हॉर्सपॉवर आणि २४ इंच हा जोड जमणारा नाही. तिथे १८ इंची लाव आणि बाकीचं टिकावाने काढायला गिऱ्हाइकाला सांग. त्यात झाडाचंही भलं आहे: ऑगरने खड्ड्याच्या भिंती घोटून गुळगुळीत होतात, टिकावाने खरवडल्या की मुळांना वाट मिळते. पंधरा बाय दहा फुटांवर एकरी सुमारे २९० खड्डे येतात. आखणी झाली की गिऱ्हाइकाला आदल्या दिवशी प्रत्येक खुणेवर पाणी द्यायला लाव. वापशावरचा मुरूम आणि कोरडा मुरूम यांत तुला स्वतःलाच फरक दिसेल.

रोजच कातळाला तोंड द्यायचं असेल तर पुढच्या वर्षी स्लिप क्लचचा पीटीओ शाफ्ट घेऊ. तो झटक्याला घसरतो आणि पुन्हा धरतो. पण त्याच्या प्लेटाही गंजून चिकटतात, तेव्हा देखभाल सुटत नाही.

सध्या एवढं कर: व्हर्नियर घेऊन योकचं भोक आडवं-उभं दोन्हीकडून मोज आणि शाफ्टचंही मोज. साडेआठच्या वर गेलं असेल तर योक काढून दाजींबरोबर इकडे पाठव. मी भोक मोठं करून त्यात बुश बसवून देतो, ८ मि.मी.चं. तोपर्यंत यंत्र उभं ठेव, गिऱ्हाइकाला दोन दिवस मागून घे. हाफ थ्रेडच्या ४.६ च्या पिना बुशबरोबरच पाठवतो, नटांसह.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मामा