मराठी बाणा कुणाचा?

"सर, मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" साताऱ्यात बी.एड. करताना हे पहिल्यांदा ऐकलं, सांगलीत शिकवताना अजून ऐकतो. कौतुकच ते, पण सलतं. घरात अम्मीशी दखनी, दारात मराठी, असाच तर वाढलो.

योवान त्स्वियिच या सर्बियन भूगोलतज्ज्ञाने १९१८ च्या ग्रंथात बाल्कन माणसांचे स्वभावावरून साचे पाडले. दिनारी डोंगरातला माणूस म्हणे शूर, स्वाभिमानी. आपला 'मराठी बाणा' तरी वेगळा काय? डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो, त्यात माझा नसतो.

मग कडेगावचे मोहरमचे उंचच उंच ताबूत कुठल्या साच्यात बसवायचे? हिंदू-मुसलमान मिळून ते उभे करतात. वर्गात हे बोललो, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमचा आजा पण खांदा देतो की!"